तळ्याकाठची एकशे त्रेचाळीस कार्डं

एका पत्राचं उत्तर हणमंतराव बिडकरांनी तेवीस वर्षं दिलं नव्हतं.

पत्र हरवलं होतं असं नाही. डोळे मिटून हात घातला तरी सापडावं इतकं ते नीट ठेवलेलं होतं. लिहिण्याच्या टेबलाचा उजवा खण, त्यात शब्दकोशाच्या सुट्या झालेल्या पुठ्ठ्याखाली एक निळं अंतर्देशीय. तारीख १४ मार्च १९७४. मजकूर त्यांना पाठ होता.

'हणमंता, वडिलांचं दुखणं लांबलं आहे. पंचवीस तारखेच्या सुनावणीला मला चिकोडीहून येणं जमणार नाही. केरे बुजवायचं असं ते लोक ठरवून बसलेत, कारण त्यांच्यापुढे आजवर कुणी एक कागद ठेवलेला नाही. तुझ्याकडे सहा वर्षांच्या वह्या आहेत. पाणी कधी चढतं, कधी उतरतं, कुठलं पाखरू कधी येतं, सगळं त्यात आहे. त्या घे आणि जा. बोलायला नको, नुसत्या टेबलावर ठेव. करशील ना? एका ओळीत उलट टपाली कळव, म्हणजे मला इथे झोप लागेल. तुझा, अप्पासाहेब इंगळे.'

केरे म्हणजे तळं. बंगळूरला बनशंकरीच्या पुढे तेव्हा वस्ती संपायची आणि हे गंगम्मन केरे लागायचं. हणमंतरावांचं घर त्याच्या काठावर, अप्पासाहेब शेजारच्या घरात भाड्याने. एक कॉलेजच्या ग्रंथालयात, दुसरा शाळेत ड्रिलमास्तर. एकाचा आवाज टेबलापलीकडे जात नसे, दुसऱ्याचा अर्ध्या मैलावर जायचा. दोघांचं चांगलं जमायचं.

पत्र सोळा तारखेला हातात पडलं. हणमंतरावांनी त्याच संध्याकाळी वह्या काढल्या. न्यायच्या तर बिनचूक न्यायला हव्यात, कुणी बोट ठेवायला नको, म्हणून पहिल्या पानापासून तपासायला घेतल्या आणि तिसऱ्याच पानावर अडकले. काठाकाठाने शेपूट हलवत फिरणारा तो पक्षी आपण 'हिरवी तुतवार' म्हणून लिहिलाय, पण ती ठिपकेवाली तुतवार तर नसेल? नऊ दिवस ते तीन जाडजूड ग्रंथ उघडून बसले. दहाव्या दिवशी त्यांची खात्री पटली की ती हिरवीच होती. सुनावणी आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

मग उत्तर तरी काय लिहायचं? वर्षभरात मातीच्या गाड्या आल्या. तळ्यावर प्लॉट पडले, रस्ते झाले, त्याला गंगम्मा लेआउट नाव मिळालं. उरलं ते एवढंच: मधोमध चार एकरांचं उघडं मैदान, आणि त्याच्या टोकाला एक खोलगट, वर्षभर ओला राहणारा तुकडा. त्याच्या काठावर होंगेची, म्हणजे करंजाची, आठ-दहा झाडं. तळ्याचं पाणी सोडायच्या जुन्या दगडी दरवाजाच्या दोन शिळा तिथे अजून होत्या. हणमंतराव रोज सकाळी त्यांतल्या एकीवर बसत आणि वहीत टिपून ठेवत. वह्या आता एकोणतीस वर्षांच्या झाल्या होत्या. त्या कुणी वाचल्या नव्हत्या. अप्पासाहेब बंगळूरला परतले नाहीत आणि त्यांनी पुन्हा पत्रही घातलं नाही.

आणि आता, १९९७ च्या फेब्रुवारीत, त्याच खणात दुसरं पत्र येऊन पडलं होतं.

"बाबा, हा फॉर्म अजून कोराच?" उल्काने विचारलं. ती त्यांची सून, पुण्याची, एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मुलगा सुशांत पहाटेच पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात शिफ्टला जायचा, त्यामुळे घरातली बोलणी या दोघांतच व्हायची, म्हणजे उल्का बोलायची.

"बघू," हणमंतराव म्हणाले.

"तुमचं 'बघू' म्हणजे 'नाही'. चार वर्षांत एवढं कन्नड मला आलंय."

"हे मराठी आहे."

"मग तर नक्कीच कळलंय!"

पत्र पालिकेच्या उद्यान खात्याचं होतं. मैदान आणि लगतची हिरवी जागा सुधारायची आहे, ती वापरणाऱ्या सर्वांची मतं हवी आहेत, तीन आठवड्यांत कळवा. खाली 'आपल्याला काय हवे?' असा प्रश्न आणि त्यापुढे पाच रिकाम्या ओळी. हणमंतरावांनी पेन उघडलं होतं, पण आपल्या मताला विचारतो कोण, आणि पाच ओळींत मावेल असं आपल्याला लिहिता येतं का, या विचारात शाई वाळून गेली.

दोन आठवड्यांनी सकाळी ते शिळेवर बसले असताना एक मुलगी मोजपट्टी घेऊन खोलगटात उतरली. चिखलात चप्पल अडकली तशी ती मोठ्याने हसली. मागाहून कळलं की ती मुलगी नव्हे, उद्यान खात्याची इंजिनियर होती. नाव भाग्यलक्ष्मी.

"सार, तुम्ही इथलेच?" तिने कन्नडमध्ये विचारलं. "मला एक सांगा, इथे कोण येतं?"

हणमंतरावांनी तोंड उघडलं. कोण येतं! एकोणतीस वर्षांच्या वह्या एकदम घशाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. "येतात... बरेच," ते म्हणाले.

"कागदावर कुणीच येत नाही हो. चारशे बारा घरांना फॉर्म गेले, एकोणीस परत आले. एकोणीसही तुमच्या लेआउट समितीच्या लोकांचे." तिने फाइल उघडून दाखवली. "सगळ्यांना एकच हवंय. हा खड्डा भरून हिरवळ, कारंजं, सिमेंटचा गोल रस्ता, कुंपण आणि कुलपाचं फाटक. पुढच्या रविवारी दहाला शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. तिथे दुसरं काही पुढे आलं नाही तर मी हेच वर पाठवणार. मला पाठवावंच लागेल."

"झाडं?"

"गोल रस्ता तिथूनच जातो, सार."

ती गेली. हणमंतराव शिळेवर बसून राहिले. मैदानाच्या त्या बाजूला थ्रोबॉलचा सराव संपवून बायका पाणी शोधत होत्या. होंगेखाली इस्त्रीवाला देवाप्पा गाडीवरचे निखारे फुंकत होता. खोलगटात कमरेला ओचा खोचून ठकुबाई होनगोने नावाची पालेभाजी खुडत होती. खुडलेली भाजी डोक्यावर घेऊन ती दारोदार विकायची. आणि कागदावर इथे कुणीच येत नव्हतं.

तिथे त्यांना ग्रंथालयातली सूचनापेटी आठवली. एकतीस वर्षांत त्या पेटीत चार चिठ्ठ्या पडल्या होत्या, त्यांतल्या दोन पंख्याबद्दल. वाचकांना काय हवंय ते पेटीतून कधीच कळलं नाही. ते कळायचं पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या कागदावरून. कुठलं पुस्तक किती वेळा गेलं, कधी गेलं, कुणाच्या हातात गेलं. आणि दुसरं कळायचं खिडकीवर. खिडकीपुढे माणूस येऊन उभा राहिला की हणमंतराव मान वर न करता दोन शब्द विचारायचे: "एनु बेकु?" काय हवंय? एवढं विचारून गप्प बसलं की समोरचा आपण होऊन बोलायचा. एकतीस वर्षांत त्यांनी लोकांशी केलेलं सगळं बोलणं हे एवढंच होतं, आणि तेवढं त्यांना नक्की जमत होतं.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरचा बुटांचा खोका उतरवला. निवृत्त होताना रद्दीत निघालेली ग्रंथसूचीची कार्डं टाकवेनात म्हणून त्यांनी घरी आणली होती. पुढच्या बाजूला जुन्या पुस्तकांची नावं, खाली मधोमध भोक, मागची बाजू कोरी. त्यांनी पंचवीस कार्डांवर रेघा आखल्या. नाव. जागा. वेळ. काय करतात. काय हवंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्डं घेऊन शिळेवर बसले आणि कुणालाच काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माणसं समोरून जायची, हणमंतराव घसा खाकरायचे, माणसं निघून जायची. त्यांनी लांबूनच बघून नऊ कार्डं भरली, पण 'काय हवंय'ची जागा प्रत्येकावर कोरी राहिली.

चौथ्या दिवशी ठकुबाई भाजीची पाटी खाली ठेवून थेट समोर येऊन उभी राहिली. ती चिकोडीकडची, नवरा वारल्यावर भावाकडे बंगळूरला आलेली.

"काय लिवाय लागलाय वो अण्णा? तीन दिस बगाय लागलोय. माझ्याकडं बगतासा, लिवतासा. पोलिसात देतासा काय?"

हणमंतराव लाल झाले. समोर माणूस येऊन उभा राहिला होता. त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "काय हवंय?"

"मला?" ठकुबाईने आजूबाजूला बघितलं. "आजपातुर ह्ये कुनी इचारलं न्हाई बगा." ती दुसऱ्या शिळेवर टेकली. "लिवा. ह्यो खड्डा मुजवू नका म्हनावं. उन्हाळ्यात बी हितं पाला असतुया, चार घरं भाजी खात्यात. आनि एक नळ. त्या पोरी चेंडू खेळून दमत्यात, पान्याला माझ्या घरापातुर येत्यात. लिवलं?"

"लिहिलं."

"वाचा."

त्यांनी वाचलं. आपलेच शब्द कागदावरून परत आलेले ऐकून ठकुबाईचा चेहरा उजळला. तिने तोंडाशी हात धरून हाळी दिली, "ए देवाप्पा! हिकडं ये! अण्णा काय पायजे त्ये इचाराय लागल्यात!"

त्यानंतर हणमंतरावांना कुणाला गाठावं लागलं नाही. देवाप्पा आला. होंगेची सावली गेली तर गाडी कुठे लावू, एवढं त्याचं मागणं. जाता जाता तो म्हणाला, "स्वल्प माझं पण ऐका सार. सकाळपासून रात्रीपर्यंत इथं कोण कधी येतं मला माहीत. मी एकेकाला धाडतो." आणि त्याने खरंच धाडले. इस्त्रीचे कपडे द्यायला आलेला प्रत्येक जण आधी शिळेकडे पाठवला जाई. थ्रोबॉलच्या संघाची कप्तान भार्गवी आली. ती बँकेत कारकून होती. "जमीन सपाट, दोन खांब आणि फाटकाला कुलूप नको, सर. आम्ही साडेपाचला येतो, समितीचं फाटक सहाला उघडणार. कामावर जाणाऱ्या बायकांनी मग खेळायचं कधी?" गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा आले, त्यांना बसायला दर पन्नास पावलांवर दगड हवा होता. होंगेखालच्या दगडी नागांना दूध घालणाऱ्या बायका आल्या. सायकल शिकणारी एक पन्नाशीची बाई आली आणि तिने आधी वचन घेतलं की नवऱ्याला सांगणार नाही. क्रिकेटवाले आले ते दोन टोळ्यांनी आले आणि कार्डावर कुणाचं नाव आधी यावं यावरून भांडले.

ठकुबाई भाजी विकायला दारोदार फिरे तशी बातमीही नेई. "अण्णांकडं कार्ड केलंसा का? न्हाई? मग रविवारी हालात तुमचं काय असनार?"

एका सकाळी कार्ड लिहिता लिहिता तिने विचारलं, "अण्णा, तुमी बी चिकोडीकडचं का वो?"

"मी निपाणीचा. चिकोडीला माझे एक स्नेही होते. इंगळे मास्तर."

"होतं कशाला? हायत की! ऐंशीला आलं असतील, पन सकाळी शिट्टी फुंकून पोरास्नी पळवत्यात. गेल्या जत्रंला माझ्या भाच्याचा कान पिळला त्येनी."

हणमंतरावांचं पेन थांबलं. इतकी वर्षं त्यांनी एक सोयीची समजूत करून घेतली होती, की आता उत्तर द्यायला समोर कुणी नसेल.

राहिले एकच, विश्वासराव. लेआउट समितीचे अध्यक्ष, मुंबईहून येऊन स्थायिक झालेले निवृत्त इंजिनियर. कारंज्याचा नकाशा त्यांनीच स्वतःच्या हाताने रंगवला होता. माणूस मोकळा, मोठ्याने हसणारा. रोज सव्वासहाला ते खोलगटाशी येत, कॅनव्हासचे बूट काढून नाड्यांनी काठीला अडकवत आणि ओल्या गवतात वीस मिनिटं डोळे मिटून उभे राहत. त्यांच्या या वेळा वहीत सहा वर्षांच्या होत्या.

"काय बिडकर, जनगणना का?" शुक्रवारी ते हसत म्हणाले. "ही पुस्तकी कामं सोडा हो. लोक फॉर्म भरत नाहीत, कारण लोकांना काही पडलेली नसते. मी चाळीस वर्षं साइटवर काढलीत. सभेला तीस टाळकी येतील, त्यांतली वीस चहासाठी."

हणमंतरावांनी कार्ड पुढ्यात घेतलं. "आपल्याला काय हवंय?"

"माझं नकाशात आहे की सगळं!"

हणमंतराव गप्प बसले. खिडकीवर बसायचे तसेच. विश्वासरावांनी इकडे तिकडे बघितलं, ओल्या गवतात पायाची बोटं हलवली, आणि आवाज खाली आणून दोन वाक्यं बोलले. हणमंतरावांनी ती लिहून घेतली.

शनिवारी दुपारी कार्डं एकशे त्रेचाळीस झाली. ती वेळेप्रमाणे लावून ठेवायची एवढंच काम उरलं होतं. सोबत खोलगटाच्या वहीतला एक गोषवाराही न्यावा असं त्यांना वाटलं. वही उघडली, आणि जानेवारीच्या पानावर नजर अडली. तुतवार. हिरवी लिहिली होती. पण पोटावरचा पांढरा रंग आपण नीट पाहिला होता का? त्यांनी कपाटातून जाड ग्रंथ काढला. मग दुसरा. चहा निवला. चार वाजले. साडेपाच वाजले. कार्डं खोक्यात तशीच विस्कटलेली राहिली.

उल्का कामावरून आली ती दारातच थांबली. टेबलावर तीन ग्रंथ उघडे, खण उघडा, निळं पत्र बाहेर. तिने ते कधी पाहिलं नव्हतं. "वाचू?" तिने विचारलं. त्यांनी मान हलवली, हो का नाही ते त्यांनाही कळलं नाही. तिने उभ्यानेच वाचलं.

"मग तुम्ही काय कळवलंत?"

"काही नाही. पक्ष्याचं नाव नक्की होत नव्हतं."

उल्काने पत्र घडी करून खणात ठेवलं. मग एक एक करून तिन्ही ग्रंथ मिटले, उचलले आणि स्वयंपाकघरात नेऊन पिठाच्या डब्यावर ठेवले.

"बाबा, तो पक्षी तुम्हाला नाव विचारून उतरतो का? त्याला जागा हवी असते ना? मग 'पक्षी' लिहा. चला, कार्डं कशी लावायची सांगा, मी सकाळची घेते."

दोघांनी मिळून लावली. जेवणवेळेच्या आधी खोका भरला. सगळ्यात वर वहीतल्या गोषवाऱ्याचं एक पान, त्यात नुसतं 'पक्षी'.

रविवारी दहाला शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या होत्या साठ. दहाला दहा कमी असताना त्या भरल्या. दहाला बाकं आणली. सव्वादहाला लोक खिडक्यांशी उभे राहिले, आणि देवाप्पा बायकोला इस्त्रीवर बसवून, स्वतःच इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसला. समितीने मागवलेला चहा पहिल्या पाच मिनिटांत संपला.

विश्वासरावांनी नकाशा भिंतीवर लावला. खरंच देखणा होता. निळं कारंजं, हिरवंगार गवत, लाल रस्ता. ते चांगलं बोलले. खड्ड्यातल्या डासांबद्दल बोलले तेव्हा बऱ्याच माना हलल्या.

"डास गटारीतले, सार," देवाप्पा बसल्या जागेवरून म्हणाला. "खड्ड्यात बेडूक आहेत. गटारीत बेडूक नाहीत. तुम्ही गटार झाका." हॉलमध्ये हशा पिकला.

"हे पाहा," विश्वासराव म्हणाले, "ही रहिवाशांची सभा आहे. समितीचे सभासद किती आहेत इथे? हात वर करा. बाकीच्यांचं मत—"

"सार," भाग्यलक्ष्मीने मधेच सांगितलं, "खात्याच्या पत्रात 'जागा वापरणाऱ्या सर्वांची' मतं मागवलीत." तिने हणमंतरावांच्या मांडीवरच्या खोक्याकडे बघितलं. "आणि बिडकर सारांकडे काही आहे वाटतं."

हणमंतराव उठले. भाषण त्यांनी लिहून आणलं होतं, दोन पानं. पहिली ओळ दिसेना. तीनशे डोळे त्यांच्याकडे लागलेले. त्यांनी पानं खिशात घातली. उल्का मागे उभी होती, तिने मान खाली घातली, तिला बघवेना.

हणमंतरावांनी समोर बघितलं. एवढी माणसं खिडकीवर येऊन उभी राहिली होती. बस्, एवढंच तर होतं.

"एनु बेकु?" ते म्हणाले. "काय हवंय?"

मग मागून एक ओळखीचा आवाज, "त्येच की! माझं कार्ड काढा अण्णा, पयलं!"

त्यांनी खोक्यातून कार्ड काढलं आणि ठकुबाईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने ते उलटं धरलं, छातीशी नेलं आणि पाठ म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकवता. मग भार्गवीने आपलं वाचलं. साडेपाचची वेळ ऐकून समितीच्या दोन बायकांनी तिथल्या तिथे विचारलं, आम्ही आलो तर घ्याल का? देवाप्पाने वाचलं. गुडघ्याच्या आजोबांनी वाचलं आणि खाली बसताना म्हणाले, "बघा, दगड असता तर उठायला सोपं गेलं असतं." क्रिकेटच्या दोन टोळ्यांनी एकत्र वाचलं. सायकलवाल्या बाई उठल्या, बाजूला बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी सायकल शिकते." नवऱ्याने टाळी वाजवली. मग सगळ्या हॉलने वाजवली.

हणमंतराव नुसती कार्डं काढत होते आणि हातात देत होते. जशी पुस्तकं द्यायचे. पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंतचं मैदान त्या हॉलमध्ये तासाभरात उभं राहिलं. भाग्यलक्ष्मी लिहून लिहून तिसऱ्या पानावर गेली होती.

शेवटचं कार्ड उरलं. ते त्यांनी वाचलं नाही, कुणाचं आहे तेही सांगितलं नाही. चालत जाऊन विश्वासरावांच्या हातात ठेवलं आणि जागेवर परतले.

विश्वासरावांनी ते मनातल्या मनात वाचलं. ठेवून देऊ शकले असते. खिशात घालू शकले असते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"विश्वासराव," त्यांनी मोठ्याने वाचलं. "जागा: खोलगटाचा काठ. वेळ: सव्वासहा, सहा वर्षांपासून. काय करतात: अनवाणी उभे राहतात. काय हवंय..." ते थांबले. "काय हवंय: रोह्याला आमच्या शेताच्या बांधावर असा पाय रुतायचा. एवढी जागा मला या शहरात दुसरीकडे मिळालेली नाही."

विश्वासराव भिंतीवरच्या नकाशाकडे वळले आणि एखाद्या दुसऱ्याच्या नकाशाकडे बघावं तसं बघत राहिले. "च्यायला," ते शेवटी म्हणाले, "यात मी स्वतः कुठे उभा राहणार तेच काढलेलं नाही." आणि मग त्यांचं ते गडगडाटी हसणं. त्यांनी टाचण्या काढल्या, नकाशा गुंडाळला आणि भाग्यलक्ष्मीला म्हणाले, "मॅडम, पाठीमागची बाजू कोरी आहे. नवा काढू. बिडकर, बसा इकडे, तुम्ही सांगा आणि मी काढतो. पेन्सिल आहे का कुणाकडे?"

बारा-तेरा पेन्सिली एकदम पुढे आल्या.

उद्यान खात्याचा आदेश महिन्याने आला, २७ मार्चला. उल्काने तो जेवायच्या टेबलाशी उभं राहून, सभेत वाचावा तसा वाचला. खोलगट भाग आणि करंजाची सर्व झाडं आहेत तशी राहतील. मैदानाचा खेळाचा भाग सपाट करून थ्रोबॉलचे खांब. दोन नळ. कट्टे नव्हेत, दगड, पन्नास पावलांवर. उघडी गटार झाकण्यात येईल. कुंपण नाही, कुलूप नाही. सोबत खात्याने कळवलं होतं की गोषवारा पाहिला, बिडकर यांच्या वह्यांची एक प्रत कार्यालयाच्या दप्तरी ठेवायला मिळाल्यास उपकार होतील.

"सगळ्या?" हणमंतरावांनी विचारलं.

"एकोणतीस वर्षांच्या. तुतवारीसकट."

वह्या खात्याच्या टेबलावर ठेवून आले त्या दिवशी दुपारी ते अप्पासाहेबांना लिहायला बसले. पहिल्या पत्राची चार पानं झाली. त्यात सगळं होतं, तिन्ही ग्रंथ, नऊ दिवस, लाज. ती फाडली. दुसऱ्याची दोन झाली, तीही फाडली. अप्पासाहेबांनी एकच ओळ मागितली होती. त्यांनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं:

'प्रिय अप्पा, तुझं १४ मार्च १९७४ चं पत्र मिळालं. वह्या टेबलावर ठेवल्या. उत्तराला उशीर झाला. तुझा, हणमंता.'

खोक्यात एक कोरं कार्ड उरलं होतं. त्याच्यावर त्यांनी रेघा आखल्या. नाव: अप्पासाहेब इंगळे. जागा: होंगेखालची दुसरी शिळा. वेळ: सकाळी, कधीही. 'काय हवंय'ची ओळ त्यांनी मोकळी ठेवली आणि कार्ड पत्रात घातलं.

चिकोडीचा पत्ता ठकुबाईने सांगितला तसा लिहिला. कोपऱ्यावरच्या लाल पेटीशी गेले तेव्हा पाकीट त्या जाड कार्डामुळे फटीत अडलं. मागे उभ्या असलेल्या देवाप्पाच्या बायकोने विचारलं, "आत जात नाही का, अण्णा?"

"जातं," हणमंतराव म्हणाले, आणि अंगठ्याने आत ढकललं.